आक्काची पंगत आणि जयश्रीचा गुडघा

जळगाव

तिखट खावं तर कोल्हापूरकरांनी, बाकीच्यांनी नुसतं बघत राहावं, अशी माझी आयुष्यभराची समजूत होती. ती जळगावच्या स्टेशनाजवळ एका खानावळीत, शेवभाजीच्या तिसऱ्या घासाला निकालात निघाली. पहिला घास मी ऐटीत घेतला. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, ते प्रवासातल्या धुळीमुळे असं मी जाहीर केलं. तिसऱ्याला काळ्या मसाल्याचा तो तवंग घशाखाली असा काही उतरला की मी पाण्याच्या ग्लासऐवजी शेजारच्या गृहस्थांचं ताक उचललं आणि पिऊन टाकलं. गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी वेटरला हाक मारून माझ्यासाठी आणखी एक ताक मागवलं. खानदेशाशी माझी ओळख ही अशी झाली.

समोर बसलेली माझी यजमानीण कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा त्याच रश्श्यात बुडवून निवांत खात होती.

"काका, ही तर फिकी आहे," ती म्हणाली. "स्टेशनजवळ पाहुण्यांच्या बेताने करतात."

ही जयश्री. उंची सहा फूट एक इंच. वय चौतिशीच्या उंबरठ्यावर. धंदा, बास्केटबॉल खेळणे. छंद नव्हे, धंदाच म्हणतो मी. आपल्याकडे बाई बास्केटबॉल खेळून पोट भरते म्हटलं की लोक "आणि बाकी काय करते?" असं विचारतात. जयश्री बाकी काही करत नाही. पंधरा-सोळा वर्षं ती हेच करते आहे. आधी एका सरकारी खात्याच्या संघातून, मग भारताच्या संघातून, काही काळ त्याची कप्तान म्हणून, आणि नंतर दोन हंगाम थायलंडमध्ये, करार करून, परदेशी खेळाडू म्हणून.

आणि मी? मी मैदानाबाहेर माइक घेऊन बसणारा माणूस. कॉलेजात असताना संघात होतो, पण माझी उंची पाहता मला खेळवणं म्हणजे चेंडू हरवण्यासारखं होतं. तेव्हा एका शहाण्या प्रशिक्षकाने माझ्या हातात माइक दिला आणि म्हणाला, "तू बोल. तुला तेच जमतं." तेव्हापासून मी बोलतो आहे. कोल्हापूरच्या एका स्पर्धेत ही लांबलचक पोरगी पहिल्यांदा पाहिली, तिच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलो आणि सामना संपल्यावर ती येऊन म्हणाली, "काका, तुम्ही खोकल्याचं औषध घ्या." आमची मैत्री तेव्हापासूनची.

श्रावणात तिचा फोन आला. "काका, धुळ्याला एक प्रदर्शनीय सामना आहे. तुम्ही बोलायला या. आणि त्याआधी आमच्या कानबाईला घरी चला." मी पिशवी भरली.

त्या सामन्याचं प्रदर्शन नावापुरतं होतं. खरी गोष्ट तिने शेवभाजीवर सांगितली. दीड वर्षापूर्वी एका सामन्यात उडी मारून खाली येताना तिच्या डाव्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. तिला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. शस्त्रक्रिया झाली, करार संपला, फोन यायचे थांबले. आता एका व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षक, थॉमस मॅडम, मंगळवारी धुळ्याला तिला बघायला येणार होत्या. एकदाच. पसंत पडली तर एक हंगाम, नाहीतर संपलं.

"आता पुरे केलंस तरी कोण नावं ठेवणार आहे?" मी विचारलं.

"काका, माझ्या शेवटच्या सामन्यात मला चौघांनी उचलून नेलं. छताचे दिवे बघत गेले मी बाहेर." तिने भाकरी मोडली. "मला मैदानातून चालत बाहेर यायचंय. एवढंच. मग पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती असोद्याच्या रस्त्याला पळायला निघाली आणि मी तिच्या घरमालकाची स्कूटर घेऊन मागोमाग. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. आमच्याकडे ऊस असा उभा असतो, पण ऊस माणसाकडे लक्ष देत नाही. केळीची पानं मात्र तुम्ही जाताना हलतात, जणू आत कुणीतरी बसून तुमच्याबद्दल बोलतंय. त्या हिरव्या भिंतींमधून ही लांब ढांगा टाकत चाललेली. समोरून मोटारसायकलवर मागे केळीच्या फण्या बांधलेले एक गृहस्थ आले आणि थांबले.

"काय वं ताई, गुडघा काय म्हन्तो?"

"बरा आहे भाऊ."

"मंग पयनं सोडू नको." एक फणी सोडवून त्यांनी तिच्या हातात दिली. मग माझ्या स्कूटरकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. "हे कोन? यायले पयाले सांग."

केळं मलाही मिळालं, पण पळण्याच्या उपदेशानंतर.

दोंडाईचा

जळगावहून गाडीने दोंडाईचा. तिथून तिचं गाव रिक्षाने थोडं आत. गाडीत बसायला जागा मिळाली, पण जयश्रीला गुडघे ठेवायला मिळाली नाही. डावा पाय तिने दोन बाकांच्या मधल्या वाटेत लांब सोडला होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो ओलांडताना वर बघून, तिचं डोकं कुठे संपतं हे पाहून, पुढे जात होता.

"सवय आहे," ती म्हणाली. "शाळेत मला बांबू म्हणायचे. क्रीडा वसतिगृहात गेले तर खाटेबाहेर पाय. मुलींचे बूट माझ्या मापाचे मिळायचे नाहीत, मग मुलांचे घालायचे. थायलंडला गेले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझं माप आधी विचारून बूट आणून ठेवले होते. मी खोलीत जाऊन रडले."

"बुटांसाठी?"

"माप विचारलं म्हणून."

थायलंडमध्ये ती कळण्याचं पीठ घेऊन गेली होती. तिथल्या मुलींना तिने ठेचा खिलवला आणि त्या मुली तो भातावर घेऊन खाऊ लागल्या. तिचं काम तिथेही तेच होतं, जे इथे. लोकांना वाटतं उंच खेळाडू म्हणजे बास्केटमध्ये चेंडू टाकणारा. जयश्री फारसे टाकतच नाही. ती उभी राहते. ऐकायला सोपं वाटतं ना? आपली मुलगी चेंडू घेऊन धावत असते, तिच्यामागे विरोधी मुलगी लागलेली असते. त्या वाटेत जयश्री बरोबर वेळेला जाऊन भिंतीसारखी उभी राहते. याला स्क्रीन म्हणतात. विरोधी मुलगी येऊन आदळते, आपली मुलगी मोकळी होते, बास्केट करते, टाळ्या घेते. आदळण्याचं श्रेय कुठल्याच फलकावर लागत नाही. पंधरा वर्षं या बाईने दुसऱ्यांना मोकळं केलंय, छातीवर, खांद्यांवर, मांड्यांवर निळे डाग घेऊन. मी माइकवरून ओरडतो ते त्याचसाठी. कुणीतरी सांगायला नको का?

गाव आलं. घरात पाऊल ठेवलं तर लग्नघर परवडलं. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचा मुखवटा, नथ, दागिने, नवी साडी. तिच्यासाठी सुरत, नाशिक, पुणे, कुठेकुठे पांगलेले भाऊबंद घरी येतात. आमच्याकडे गौरी-गणपतीला येतात तसेच. पण आमच्याकडे आलेल्याने प्रसाद खाल्ला नाही तर राग येतो. इथे उलटं.

"बठा भाऊ," आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे जयश्रीच्या वडिलांच्या, नानांच्या, मोठ्या वहिनी. घरातली खरी सत्ता. ठेंगण्या, रुंद, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. समोर गव्हाच्या पिठाचे गरम रोट, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. माझा हात आपोआप पुढे गेला. आक्कांनी तो हवेतच धरला.

"रोट तुमले भेटाव नही."

मला वाटलं, शेवभाजीची बातमी इथवर पोहोचली.

"काका," जयश्री हसत म्हणाली, "कानबाईचे रोट फक्त भावकीने खायचे असतात. बाहेरच्याला देत नाहीत."

"मी बाहेरचा?"

"आडनाव काय तुमनं?" आक्कांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "बाहेरना शेतस," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर वेगळं ताट आलं. वरणबट्टी, तूप, वांग्याची भाजी. हे सांगायला हवं की त्या ताटाने मी भावकीचं दुःख विसरलो.

रोटाचा गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ मोजून घेतात. तशी रीत. पण जयश्रीने पहिल्यांदा भारताचा शर्ट घातला त्या वर्षी आक्कांनी पुरुषांचा गहू मोजून झाल्यावर हाक मारली, "जयू, इकडे ये. तुनी मूठ घाल." भावकीत कुजबूज झाली. आक्का म्हणाल्या, "देशना कामले गई ना ती?" विषय संपला. आता अडचण एकच. बास्केटबॉल धरणारा पंजा तो. तिच्या मुठीत मावतो तेवढ्या गव्हात दोन पुरुष बसतात. रोट उरवायचे नसतात, सगळे संपवावे लागतात. तेव्हा तिच्या चुलतभावांची तक्रार भक्तीची नसून पोटाची आहे.

सोमवारी विसर्जन. देवीला डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचं. हा मान आक्कांचा, पण त्यांची मान धरली होती. त्या म्हणाल्या, "जयू लेई."

नाना उठून उभे राहिले. नाना म्हणजे कापसाचे शेतकरी, कमी बोलणारे, मुलीइतकेच उंच, पण उंची लपवण्यासाठी जन्मभर वाकून चालणारे. "वहिनी, उद्या तिनी मॅच शे. गुडघा..."

"कानबाई गुडघा मोडाले बठेल शे का?"

"मी घेते," जयश्री म्हणाली आणि चौरंग डोक्यावर घेतला.

आता जरा दृश्य डोळ्यांपुढे आणा. साडेपाच फुटांच्या जगाच्या हिशेबाने बांधलेली गल्ली. वर पताका, तोरणं, विजेच्या तारा. आणि सहा फूट एक इंच बाईच्या डोक्यावर चौरंग, त्यावर देवी, तिच्यावर मुकुट. पहिल्या दहा पावलांत मुकुट पताकेत अडकला. गणपती मंडळाची जुनी पताका देवीच्या गळ्यात आली. कुणी ओरडलं, "बांबू आणा, तार वर करा!" कुणी ओरडलं, "देवीले खाली घ्या!" देवी एकदा उचलली की नदीपर्यंत खाली ठेवायची नाही, हे आक्कांनी सगळ्यांच्या वर आवाज काढून सांगितलं.

मग जयश्री बसली. म्हणजे पूर्ण नाही. पाय फाकवले, गुडघे वाकवले, पाठ सरळ, डोक्यावर देवी जराही न हलता, आणि ती त्या अर्ध्या बसलेल्या अवस्थेत चालू लागली. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना असं बसून सरकतात. धडधाकट पोरींच्या मांड्या थोड्याच वेळात थरथरायला लागतात. जयश्री अख्खी गल्ली अशी गेली. ढोल वाजत होता, बाया गाणी म्हणत होत्या, आणि दारांत बसलेल्या म्हाताऱ्यांना पहिल्यांदाच देवीचं तोंड समोरासमोर दिसलं म्हणून त्या हात जोडत होत्या. गल्ली संपली आणि ती सरळ उभी राहिली तेव्हा देवी एकदम आभाळात गेली. मी माइकशिवाय ओरडलो. काय ओरडलो ते देवीसमोर लिहिण्यासारखं नाही, पण कौतुकाचंच होतं.

संध्याकाळी गुडघा सुजला. फुटभर कापडी पट्टीत मावेना. नाना मोटारसायकल काढून दोंडाईचाला गेले आणि बर्फाच्या लाद्या घेऊन आले. पण एवढ्या लांब पायाला बुडवायला घरात भांडं नव्हतं. शेवटी गोठ्यासमोरचा बैलांचा पाण्याचा हौद. जयश्री त्यात कंबरेपर्यंत जाऊन बसली, भोवती बर्फ. दोन्ही बैल दावणीला उभे राहून बघत होते. आपलं पाणी कुणीतरी असं नासवावं, हे त्यांना पटलेलं दिसत नव्हतं.

"हेच आहे काका व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य," दात वाजवत ती म्हणाली. "लोकांना टीव्हीवरचा चाळीस मिनिटांचा खेळ दिसतो. बाकीचा वेळ मी बर्फात असते."

"उद्या जमेल?"

"उतरेल सूज." मग थांबून, हळू आवाजात, "उतरायला पाहिजे."

हौदाच्या काठावर आक्का उभ्या होत्या. गुडघ्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं हे दिसत होतं, पण त्या ते बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वेगळंच विचारलं. "जयू, त्या मॅडम उद्या धुळ्यालेच येतीस का? पाहुण्या ना त्या? आनि समोरनी टीम बी?"

"हो आक्का. नाशिकच्या मुली आहेत."

"रोट त्यासले देता येत नही," आक्का पुटपुटल्या. आणि आत गेल्या. आतून पीठ चाळण्याचा आवाज येऊ लागला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

धुळे

सामना दुपारी होता, एका शाळेच्या मैदानावर. सिमेंटचं मैदान, वर पत्र्याचं छप्पर. आम्ही लवकर पोहोचलो. जयश्रीची सूज बरीच उतरली होती. ती भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून, दोन केळी खाऊन गप्प बसली. थॉमस मॅडमही आल्या. केरळच्या, पन्नाशीच्या, पांढरे केस आखूड कापलेले, बोलणं हिंदीत आणि तेही तारेच्या भाषेत. "पैर?" "ठीक है मॅडम." "देखेंगे."

आणि मग शाळेच्या फाटकातून एक टेम्पो आत आला. त्यात आक्का, गावातल्या पाच-सहा बाया, पातेली, लाकडं आणि मातीची उलटी खापरं.

"आक्का!" जयश्री उभी राहिली. "हे काय?"

"पाहुणा भुक्या जाई का आपला दारमातून?"

कडुनिंबाखाली चुली पेटल्या. खापरावरची पुरणपोळी तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. पुरण भरलेला सैल गोळा लाटत नाहीत. बाई तो दोन्ही हातांवर घेते आणि या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवत नेते. पोळी मनगट ओलांडते, कोपरापर्यंत येते, हातरुमालाची ओढणी होते, आणि मग चटकन तापल्या खापरावर पडते. नाशिकच्या मुली सामन्याआधी स्नायू मोकळे करत होत्या, त्या ते सोडून गोल करून बघायला उभ्या राहिल्या. हीच चूक झाली. जो बघायला थांबला तो पंगतीला बसला.

मुली आधी नाही म्हणाल्या. "काकू, मॅच आहे, एकच घेतो." आक्कांनी त्यांना एक वाढली. ती ताटाबाहेर पसरली. वरून तुपाची धार, बाजूला रशी, म्हणजे तिखट आमटी, कुरडया, भजी. "आनखी एक." "नको हो." "मनी शपथ." दुसरी. "तुनी माय नही का मी?" तिसरी. खानदेशातला आग्रह आमच्यासारखा तोंडाचा नसतो, तो हाताचा असतो. ताट झाकलं तर बोटांच्या फटीतून वाढतात. जयश्रीच्या बाजूने खेळणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या मुलीही बसल्या, पाहुण्यांना एकटं कसं जेवू द्यायचं म्हणून. पंचही बसले. मीही बसलो, हे वेगळं सांगायला नको. थॉमस मॅडम तेवढ्या बसल्या नाहीत. "बाद में," म्हणाल्या. आक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हिशेब पुढे ढकललाय, माफ नाही केलेला.

जयश्री हे सगळं भिंतीशी उभी राहून बघत होती. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत चालला होता.

सामना सुरू झाला. मी माइक हातात घेतला. तीस वर्षांत मी असा सामना पाहिला नाही. नाशिकची कप्तान चेंडू घेऊन निघाली आणि मैदानाच्या मध्यावर थांबून पोटावर हात ठेवून उभी राहिली. दुसरीने तिच्याकडून चेंडू घेतला, तो अतिशय प्रेमाने आमच्या मुलीकडे दिला, बहुधा नजरचुकीने. आमची मुलगी धावली नाही, चालली. पंचांच्या शिट्टीत हवाच नव्हती. एकटी जयश्री पळत होती. तिने स्क्रीन लावली, तर येऊन आदळायला कुणीच नव्हतं. मी बोलून बोलून त्यात जीव आणायचा प्रयत्न केला, पण मलाही ढेकर येत होते आणि ते माइकवरून सगळ्या शाळेला ऐकू जात होते.

पहिला डाव संपला आणि थॉमस मॅडम उठल्या. "यह मॅच नहीं है," त्या म्हणाल्या. "यह दोपहर की नींद है। इसमें मैं क्या देखूँ? मेरी गाडी शाम को है।"

जयश्री त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मॅडम, एक मौका। पूरा खेलूँगी।"

"किसके साथ? सब तो लेटे हैं।"

खरंच लेटल्या होत्या. नाशिकच्या तीन मुली पत्र्याच्या सावलीत आडव्या झाल्या होत्या. आक्का पदराने वारा घेत समाधानाने त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना अजून कळलं नव्हतं की त्यांनी काय केलंय. नानांना कळलं होतं. ते टेम्पोला पाठ लावून उभे होते आणि पहिल्यांदा मला ते ताठ दिसले, इतके ताठ की ते रडू आवरत असावेत.

तेवढ्यात जयश्रीची नजर कडुनिंबाखाली गेली. तिथे धुळ्याच्या कॉलेजातल्या बास्केटबॉल संघाची दहा-बारा पोरं रांगेत बसायला लागली होती. बाकडी लावणारी, पाणी देणारी, यजमान पोरं. पाहुणे आधी, घरचे नंतर, या रीतीने ती सकाळपासून उपाशी होती. आक्कांच्या बायांनी पहिली पोळी खापरावरून काढली होती आणि ती एका पोराच्या ताटाकडे निघाली होती.

"आक्का!" जयश्री ओरडली. तिची अशी किंकाळी मी कधी ऐकली नव्हती. "त्यासले जेवाले देऊ नको!"

आक्कांच्या हातातलं उलथनं थांबलं. "काय?"

"भुक्या ठेव त्यासले! एक पोळी बी नको!"

मंडळी, आक्कांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. उभ्या हयातीत कुणी त्यांना असं सांगितलं नसणार. ताटावर बसलेल्या पोरांना उठवायचं? "भुक्या पोरं खेळतीन कसं?"

"भुक्याच खेळतीन, आक्का! खाई लिन्ही म्हनजे संपनं!" आणि पोरांकडे वळून, शुद्ध मराठीत, "खेळता का रे माझ्याशी? आधी खेळू, मग जेवा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पोळीकडे पाहिलं. त्यांचा म्होरक्या उठला. "ताई, तुमच्याशी? तुम्हाला लागलं तर?"

"तुला लागेल."

पोरं उठली. आक्का खाली बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली धरून बसून राहिल्या, हात सुटले तर वाढतील म्हणून.

पाच पोरं विरुद्ध जयश्री आणि आमच्यातल्या त्या चार मुली ज्या अजून उभ्या राहू शकत होत्या. सुरुवातीला पोरं बहिणीशी खेळावं तशी अदबीने खेळली. मग म्होरक्या चेंडू अडवायला जोरात आला आणि वाटेत जयश्री उभी होती. तो आदळला, मागे गेला, जमिनीवर बसला आणि हसायला लागला. त्यानंतर अदब संपली. पोरं उंच होती, चपळ होती, विशीतली होती आणि उपाशी होती. ती तुटून पडली. मी माइकवर ओरडत होतो, "जयश्रीची स्क्रीन! पहा, ती मुलगी मोकळी! बास्केट! टाळ्या जिला द्यायच्या तिला द्या, पण भिंतीलाही द्या!" आणि नाशिकच्या आडव्या मुली एकेक करून उठून बसल्या आणि टाळ्या देऊ लागल्या.

मग एक चेंडू उंच उडाला. जयश्री उडाली, म्होरक्या उडाला, दोघांनी हवेत तो धरला आणि दोघेही खाली आले. ती डाव्या पायावर आली आणि कोसळली. त्याचं सगळं वजन तिच्यावर.

ती पालथी पडली होती, हलत नव्हती. नाना धावत निघाले. मी माइक टाकला. स्ट्रेचर नव्हतं, पण दोन पोरांनी बाकडं उचललंही.

"शिट्टी वाजवा ना हो!" जमिनीवरून आवाज आला. "चेंडू माझ्याकडे आहे! किती वेळ धरून बसू?"

चेंडू तिच्या पोटाखाली होता. खेळाडूला शिकवण अशी की पंचांनी निर्णय दिल्याशिवाय तो सोडायचा नाही, आणि पुरणपोळ्या खाल्लेल्या पंचांना शिट्टी फुंकायचं सुचलंच नव्हतं. त्यांनी फुंकली. जयश्री उठली. आणि खेळू लागली, आणि शेवटपर्यंत खेळली. पोरं जिंकली की आम्ही, ते मला आठवत नाही, आणि तिथे कुणालाच त्याची पडली नव्हती.

थॉमस मॅडम मैदानात आल्या. तिच्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबले. एका पायावर उभं केलं. उड्या मारायला लावल्या.

"दर्द?"

"है मॅडम."

"कितना?"

"रोज जितना."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "जो बोलता है दर्द नहीं, उसको मैं नहीं लेती।" मग, "एक सीझन. लेकिन पहले पाँच में नहीं. बेंच से आएगी. थोडी देर खेलेगी."

भारताची कप्तान राहिलेली बाई ती. बाकावर बसून वाट बघायची, दुसरीला पुढे जाताना पाहायचं. मी तिच्याकडे बघत होतो. तिने वाकून बुटाची नाडी पुन्हा आवळली.

"आऊँगी."

"काय म्हनस ती?" आक्का दुरूनच ओरडल्या.

"घेतलं म्हणते, आक्का!" मी ओरडलो. "एक वर्षासाठी घेतलं!"

"मंग तिले जेवाले बसाड!" आक्कांचे हात मांडीखालून सुटले. पोरं धावली, थॉमस मॅडमना हाताला धरून पंगतीत नेलं गेलं, आणि त्यांच्या ताटात एक, मग दुसरी, मग तिसरी पोळी पडताना मी पाहिली. मॅडमच्या संध्याकाळच्या गाडीबद्दल त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

मैदान रिकामं झालं. जयश्री मध्येच उभी होती, घामाने भिजलेली, गुडघा पुन्हा सुजायला लागलेला. नाना तिच्याजवळ गेले आणि खांदा पुढे केला, आधाराला.

"नको नाना," ती म्हणाली. "मी चालस."

नाना बाजूला झाले. ती निघाली. पुन्हा उचललेला माझा माइक अजून चालू होता, आणि खरं सांगतो, असा प्रसंग मुक्याने जाऊ देणारा माणूस मी नाही.

"आणि जयश्री निघाली आहे," मी म्हणालो. पंगतीतली डोकी वर झाली. "उजवा पाय. डावा पाय, तो थोडा जड, पण आला. मध्यरेषा ओलांडली. कुणाचा आधार नाही, मंडळी, कुणीही उचललेलं नाही. ती छताकडे बघत नाहीये, ती सरळ समोर बघतेय. बाहेरची पांढरी रेघ आता दोन पावलांवर. उजवा..."

"काका!" ती वळली. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "बंद करा ना तो माइक!"

"...आणि डावा!" मी सांगितलं, आणि ती रेघेच्या बाहेर होती.